दसऱ्याचं व्हॅसलिन

“उलटं फिरवताय तुम्ही.”

आवाज पलीकडे लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून आला, आणि चक्क मराठीत आला. मी तेव्हा माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या जागी मान खुपसून एका बोल्टशी भांडत होते. त्या बोल्टला मी जे काही म्हणत होते ते आमच्या इचलकरंजीतसुद्धा चारचौघांत म्हणत नाहीत. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या टोकाला, कारखाने संपून शेतं सुरू होतात तिथे असलेल्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये कोणाला मराठी कळेल अशी मला शंकाही आली नव्हती. बाहेर फेब्रुवारीचा पाऊस लागला होता. इथला पाऊस म्हणजे धड पडायचं नाही आणि धड उघडायचंही नाही.

मी मान बाहेर न काढताच सांगितलं, की मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बोल्ट कुठल्या बाजूला सैल होतो ते मला कळतं.

“समोरून बघताना कळतंच हो. पण हा बोल्ट पाठमोरा आहे... तुम्ही मघापासून तो घट्ट करताय.”

मी हात थांबवला. मनातल्या मनात बोल्टच्या मागे जाऊन उभी राहिले. तो बरोबर होता.

आयतं शहाणपण शिकवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो, आणि ती माणसं बरोबर निघाली की दुप्पट येतो. रागानेच मी पाना उलटा फिरवला. बोल्ट लोण्यासारखा सुटला. आता ‘थँक्यू’ म्हणणं भाग होतं, म्हणून बाहेर आले. समोर निळ्या ओव्हरऑलमधला एक उंच माणूस उभा होता. चष्मा डोक्यावर सरकवलेला, बाह्या दुमडलेल्या, गालावर काळ्या तेलाचा एक पट्टा. तोंड अगदी गंभीर ठेवलं होतं त्याने, पण डोळे मात्र... डोळे हसत होते.

“हसा,” मी म्हटलं. “पोटात ठेवू नका, दुखेल.”

मग तो हसला. छान हसला, मेला.

त्याचं नाव हृषिकेश. मूळचा नागपूरचा. फ्रँकफर्टजवळच्या एका कंपनीत तो ब्रेकचे आवाज ऐकतो, म्हणजे तीच त्याची नोकरी. ब्रेक किंचाळतो का, कण्हतो का, आणि का कण्हतो ते शोधायचं. आठवडाभर हे करून शनिवारी सुट्टीच्या दिवशी स्वतःची जुनी गाडी घेऊन परत ब्रेकच बघायला इथे यायचं. मी म्हटलं, घरी वाट बघणारं कोणी नाही वाटतं. “नाही,” तो म्हणाला, “तुमच्या?” इतकं सरळ विचारलंन की माझ्या हातातला पाना खाली पडला.

जर्मनीत ही एक मोठी सोय आहे. तिला मीटवेर्कश्टाट म्हणतात. तासावर लिफ्ट आणि हत्यारं भाड्याने घ्यायची आणि आपली गाडी आपणच दुरुस्त करायची. आमच्या या वर्कशॉपची मालकीण फ्राऊ क्रेमर. पांढरी वेणी, मोठा आवाज, आणि दिवसभर उकळून कडू झालेली कॉफी. मी तिथे आले होते कारण माझी गाडी ट्यूफमध्ये नापास झाली होती. ट्यूफ म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी गाडीची सक्तीची तपासणी. तिथे रोलरवर चाकं फिरवून ब्रेक तपासतात. माझा पुढचा उजवा ब्रेक व्यवस्थित धरत होता आणि डावा नुसता हजेरी लावत होता. महिन्याभरात दुरुस्त करून परत आणा, असं तिथल्या माणसाने बजावलं.

आणि मला ती गाडी लवकर पास करून हवी होती, कारण मला ती विकायची होती. ती विकायची होती, कारण मी पुण्याला परत जायचं म्हणत होते.

म्हणजे तसं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. बाड हॉम्बुर्गच्या ज्या कंपनीत मी काम करते तिथे डायलिसिसच्या मशीनसाठी छोटे पंप बनतात. त्या पंपांची रबरी सीलं माझ्याकडे. तीन वर्षांचा करार संपत आला होता. बॉस म्हणत होता, इथे कायमची राहा. पुण्याच्या माझ्या जुन्या शाखेतले म्हणत होते, इकडे ये. काम इथलंच जास्त आवडीचं होतं. पण मी यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली मुलगी. इथे संध्याकाळी घरी आलं की भिंतींशी बोलायची वेळ यायची. फ्रिज चालू झाला तरी सोबत वाटायची. एवढ्या शांततेत मी कोणासाठी राहू, असा प्रश्न पडायचा.

हृषिकेशने विचारलं, “बघू का? हात नाही लावत.”

हे ‘हात नाही लावत’ मला आवडलं. मी बाजूला सरकले.

डिस्कच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचा एकेक पॅड असतो. एक आतला आणि एक बाहेरचा. दोघांनी मिळून डिस्क चिमटीत धरायची, म्हणजे चाक थांबतं. मी दोन्ही पॅड काढून फळीवर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा जवळजवळ कोरा होता. आतला झिजून पापडासारखा पातळ झालेला.

“सांगा,” तो म्हणाला. “काय झालं असेल?”

हा माणूस माझी परीक्षा घेतोय की काय, असं क्षणभर वाटलं. पण त्याचा चेहरा खरंच उत्सुक होता. मग मी सांगू लागले. पिस्टन असतो आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, आणि मग पॅडना धरणारा सगळा कॅलिपर दोन पिनांवर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. तो सरकलाच नाही, तर सगळं काम आतल्याच्या गळ्यात पडणार.

“म्हणजे एक जण राब राब राबतोय आणि दुसरा नुसता बसून आहे.”

“बसून नाहीये बिचारा. त्याला कोणी कामाला बोलावलंच नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पिनेकडे.

वरची पिन सहज निघाली. खालची हलेना. त्याने कॅलिपर धरला, मी पिन पिळत राहिले. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. ओव्हरऑलला साबणाचा आणि ग्रीसचा वास होता, पत्र्यावर पाऊस टपटपत होता... आणि एकदम भस्सकन पिन निघाली आणि मी मागे जाऊन त्याच्यावर आदळले. “सॉरी,” दोघंही एकदम म्हणालो. पलीकडून फ्राऊ क्रेमर “ना, आल्झो!”, म्हणजे ‘बरं बरं!’, म्हणून खाकरली.

पिनेवर रबराची एक नळी असते. मी ती नखाने दाबून पाहिली आणि माझं इतर सगळ्यावरचं लक्षच उडालं. रबर फुगलं होतं. गुबगुबीत, मऊ, बोटाला ओशट. असं रबर मी रोज पाहते. याला कोणीतरी पेट्रोलियमचं काहीतरी लावलेलं होतं. ब्रेकच्या रबराला ते चालत नाही. रबर ते पिऊन फुगतं आणि पिनेला आवळून बसतं. ब्रेकचं ग्रीस वेगळंच असतं. मी ती नळी उजेडात धरून हे सगळं सांगत होते. बोलता बोलता मान वळवली तर हा नळीकडे बघतच नव्हता.

“काय?”

“काही नाही. रबराकडे इतक्या प्रेमाने बघणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.”

मी म्हटलं, आवाज ऐकून पगार घेणाऱ्याने दुसऱ्याला हसू नये.

आता एवढं रहस्य राहिलं होतं, की हे लावलं कोणी. गाडी मी दीड वर्षापूर्वी श्यामकांतकाकांकडून घेतली होती. काका चाळीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी फ्रँकफर्टला आले ते इथलेच झाले. आता निवृत्त होऊन बाड हॉम्बुर्गमध्ये राहतात. ते आणि शुभदाकाकू म्हणजे इथल्या सगळ्या एकट्या मराठी मुलामुलींचे आपोआप काका-काकू. त्या शनिवारी माझं जेवण त्यांच्याकडेच होतं. वर्कशॉप बंद झालं, माझी गाडी तिथेच लिफ्टवर लटकलेली, म्हणून हृषिकेशने मला त्यांच्या दारापर्यंत सोडलं. काकू खिडकीतच होत्या. मग काय, “अहो, कोणीतरी मुलगा आलाय हिच्याबरोबर,” आणि दोन मिनिटांत त्याचंही पान वाढलेलं.

जेवताना गाडीचा विषय निघाला आणि काकांची कळी खुलली. ती गाडी त्यांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. दर वर्षी खंडेनवमीला ते स्वतः चारही चाकं काढायचे, धुवायचे, पुसायचे. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा करण्याआधी वाहन आतून-बाहेरून लख्ख हवं, हा त्यांचा नियम. इथल्या हिवाळ्यात गंज धरू नये म्हणून—

“म्हणून सगळ्या सरकत्या भागांना व्हॅसलिन,” काका म्हणाले. “आमच्या आईचा उपाय. ओठ फुटोत, टाच फुटो, कडी गंजो. बारा वर्षं एकदाही ब्रेक फेल नाही गेला माझा. हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नसतं.”

माझा घास तोंडातच राहिला. ‘काका, अहो तुम्हीच...’ हे शब्द माझ्या ओठांवर आलेले होते. मी अशीच आहे. खरं दिसलं की बोलून मोकळी होते, मग समोरच्याचं काय व्हायचं ते होवो. तेवढ्यात काकांनी विचारलं, मग तुम्हाला त्या चाकात काय सापडलं?

हृषिकेशने शांतपणे वरणावर तूप घेतलं.

“मीठ, काका,” तो म्हणाला. “रस्त्यावर बर्फासाठी टाकतात ते. त्याने पिन धरली. तुम्ही इतकी काळजी घेतलीत म्हणून बाकीची गाडी वाचली.”

काकांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. काकूंनी हृषिकेशला आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढली. नंतर दारात बूट घालताना त्याने काकांना सहज विचारलं, नव्या गाडीलाही तुम्हीच करता का हे सगळं? काका म्हणाले, अर्थात. तेव्हा हा म्हणाला, पुढच्या शनिवारी घेऊन या ना, हिवाळा संपत आलाय, मीठ धुऊन काढू. काका खूश. मला कळलं की हा आता काकांची गाडीही सुरक्षित करणार होता, आणि काकांना त्याचा पत्ताही लागू देणार नव्हता.

प्रेमात नेमकं कधी पडले असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, वरणावर तूप घेताना. उगाच आढेवेढे कशाला.

पुढच्या शनिवारी मी केसांना शिकेकाई लावून, बरा शर्ट घालून, त्यावर घाणेरडा ओव्हरऑल चढवून वर्कशॉपला पोचले. नव्या पिना, नवी रबरं आणि पॅड मागवायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. पिना आल्या, रबरंही आली. पॅडचा खोका उघडला, तर पॅड बसेनात. त्यांचे टोकांकडचे कान एका बाजूने मोठे. दुसऱ्याच कुठल्या इंजिनच्या गाडीचे होते ते.

“चुकून...” तो म्हणाला, “चुकीचे आले वाटतं.”

आता हा माणूस कॉफीत दूधसुद्धा मोजून घालतो. माझ्या गाडीच्या कागदांचा फोटो त्याने काढला होता, वर परत एकदा डोळ्यांनी वाचून खात्री केली होती. अशा माणसाकडून चुकीचे पॅड? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मीही इंजिनिअर आहे, मला दोन आणि दोन चार करता येतात. पण मी काही बोलले नाही. कारण पॅड बसले असते तर दुपारपर्यंत गाडी तयार झाली असती, आणि मग... मग पुढच्या शनिवारी मी काय निमित्त सांगून येणार होते?

त्या दिवशी आम्ही काकांच्या गाडीच्या पिना काढल्या, पुसल्या, फुगू लागलेली रबरं बदलली आणि योग्य ते ग्रीस लावलं. काका फ्राऊ क्रेमरला तिच्याच कॉफीचे दोष समजावून देत होते. काम करता करता आम्ही केव्हा ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो ते कळलंही नाही. एकदा तो म्हणाला, “टॉर्च जरा वर धर ना,” आणि मग ते दोघांच्याही लक्षात आलं. मी टॉर्च जरा जास्तच वर धरला.

“पुण्याला कधी जायचं ठरलंय?” त्याने पिनेकडे बघत विचारलं.

गाडी विकायची म्हटल्यावर जाण्याचंही मी बोलून गेले होते. मी म्हटलं, या सोमवारनंतरच्या सोमवारी बॉसला उत्तर द्यायचंय. तो “अच्छा” म्हणाला. पुढे काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. तो पिन पुसत राहिला. चकचकीत झाली तरी पुसत राहिला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, फ्रीडरिक्सडॉर्फला घरी जाताना रोज ठरवायचे, की आज फोन करून विचारायचंच, बाबा रे, तुझ्या मनात आहे तरी काय. आणि रोज त्याचाच फोन यायचा. पावसाचा, कामाचा, कुठल्याशा ब्रेकच्या कण्हण्याचा. तासभर बोलायचा आणि मुद्द्याला हात घालायचा नाही. त्या आठवड्यात एकदाही मला घर शांत वाटलं नाही. भीती एवढीच वाटत होती, की मी इथे राहिले आणि हा माणूस नुसताच सज्जन निघाला तर? काकांना जपलं तसं मलाही जपत असला तर? एखाद्याच्या चांगुलपणाला प्रेम समजून बसायचं, आणि त्यापायी पुण्याची वाट बंद करायची... पुन्हा त्या भिंती, पुन्हा तो फ्रिज. मला ते सोसलं नसतं.

तिसऱ्या शनिवारी पॅड बरोबर आले. डिस्कची जाडी मोजली, चांगली होती. पॅड बसायच्या खाचा ब्रशने घासल्या, नव्या रबरांत पिना घातल्या. कॅलिपर बोटाने ढकलला तरी सरकू लागला. उजव्या बाजूचेही पॅड बदलले, कारण ब्रेकचं काम दोन्ही चाकांना सारखंच करायचं असतं. शेवटचा बोल्ट घट्ट केला तेव्हा तो जरा वेळ पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

मी हात धुवायला गेले तर फ्राऊ क्रेमरने मला बाजूला घेतलं. तिला कुजबुजणं जमत नाही, पण तिने प्रयत्न केला. म्हणाली, तुझ्या गाडीचे पॅड माझ्या कपाटात पहिल्या दिवसापासून पडून आहेत. मी त्याला म्हटलं, घेऊन जा. तर म्हणतो, नको, राहू देत तिथेच, मी बाहेरून मागवतो. मग चुकीचे मागवले. माझ्या वर्कशॉपमध्ये असा मूर्ख पुरुष आजवर आला नव्हता. गेनाऊ, म्हणजे अगदी असंच म्हणाली.

मी हात न पुसताच बाहेर आले.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर मुरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घ्यायचा, हळूच ब्रेक दाबून वेग कमी करायचा, पूर्ण उभं राहायचं नाही, परत वेग घ्यायचा. ब्रेक गार होऊ द्यायचे, पुन्हा तेच. त्यासाठी आम्ही टाऊनुस डोंगराच्या जंगलातल्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते. पाऊस होताच. ओल्या देवदारांचा वास काचेच्या फटीतून आत येत होता. गाडी आता ब्रेकला एका बाजूला ओढत नव्हती. सरळ, शहाण्यासारखी जात होती.

“हळू दाब,” तो म्हणाला. “हं. आता सोड.”

मी सोडला.

“फ्राऊ क्रेमरच्या कपाटात माझे पॅड होते,” मी म्हटलं.

मी वेग घेतला. परत हळूच ब्रेक. परत सोडला.

“हृषिकेश, मी काहीतरी विचारतेय.”

“होते,” तो म्हणाला. “मला... अजून एक शनिवार हवा होता.”

“मग तसं म्हणायचं. पॅडला कशाला मध्ये घातलंस?”

परत वेग. वायपर एकदा गेला, एकदा आला. मला राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकदम झालं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, परवा सोमवार आहे. मी परवा पुण्याला येते म्हणून सांगून टाकीन, तू इथे ब्रेक ऐकत बस. तुला काही वाटतं की नाही? की काकांना जसं मीठ सांगितलंस तसं मलाही काहीतरी गोड सांगून विमानात बसवणार होतास?

“तसं नाही.”

“मग कसं?”

पुढे जंगलात गाड्या लावायची जागा होती. ब्रेक तोवर निवले होते. मी तिथे गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. एकदम फक्त पाऊस राहिला.

तो काचेकडे बघून बोलू लागला. त्याची आई, मालिनीबाई, लग्नाआधी नागपुरात बँकेत होती. परीक्षा देऊन वर जायची संधी आली होती, मुंबईला. त्याच्या बाबांनी सांगितलं, इथेच राहा. प्रेमानेच सांगितलं. ती राहिली, पुढे नोकरीही सुटली. बाबा वाईट नव्हते, संसारही चांगला झाला. पण घरात कधी भांडण झालं, कधी भाजी करपली, कधी ती नुसतीच गप्प बसली, की ती मुंबई घरात येऊन बसायची. हा लहानपणापासून ते बघत होता. कुठल्याच बाईला आपण ‘इथे राहा’ म्हणायचं नाही, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

“म्हणून तुझी गाडी नीट करत होतो,” तो म्हणाला. “तुला जायचंय तर मी तुझ्या वाटेत यायचं नाही, एवढंच. आणि रोज रात्री वाटायचं, ती जाऊ नये. देवा, ती जाऊ नये. मला तू फार आवडतेस, स्वरूपा. पहिल्या दिवशी त्या बोल्टला शिव्या देत होतीस तेव्हापासून. हे मी तुला सांगायला नको होतं. आता तू यावरून काही ठरवू नकोस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी रडायला लागले की आधी भांडते.

“यावरून नाही तर कशावरून ठरवू? पंपाच्या सीलांवरून? तुझ्या बाबांनी आईंना सांगितलं, रे. विचारलं नाही. तू मला काही सांगू नकोस. मी ऐकणारी नाही, ते तुला एव्हाना कळलं असेल. पण विचारायला काय झालं तुला? हो म्हणायचं की नाही ते माझं मी बघेन. चुकलं तर माझं चुकेल. तुझ्या माथी मारणार नाही मी, शब्द देते.”

तो वळला. चष्मा काढला, ओव्हरऑलला पुसला, त्यामुळे तो आणखीच ओशट झाला. मग तसाच हातात धरून ठेवला.

“इथे राहशील?” त्याने विचारलं. “माझ्यासोबत?”

“हो.”

“विचार करून सांग. सोमवारपर्यंत वेळ...”

“हो म्हटलं ना. मला इथलं काम आवडतं, तू आवडतोस, आणि बाकी जे आवडत नाही त्यावर आपण भांडू. अजून काय विचार करायचा असतो?”

त्याने माझा हात हातात घेतला. दोघांच्याही नखांत ग्रीस होतं. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि काचा आमच्या श्वासाने धुरकट झाल्या होत्या. मला वाटलं, या शांततेला मी तीन वर्षं उगाच नावं ठेवली. नुसती शांतता वाईट नसते.

मग त्याचा फोन वाजला. आईचाच होता, दर शनिवारी या वेळेला करायच्या. तो गडबडला. मी म्हटलं, घे. त्याने घेतला, स्पीकरवर टाकला, आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बोलून मोकळा झाला, की आई, इथे एक मुलगी आहे, स्वरूपा नावाची, ती पुण्याला जाणार होती, आता नाही जाणार, आता आम्ही दोघं...

पलीकडे नागपुरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांनी गॅस बंद केला असावा.

“तिला दे,” त्या म्हणाल्या.

मी नमस्कार केला. माझा आवाज कधी नव्हे तो इतका बारीक आला, की माझा मलाच ओळखू येईना. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही.

“बाई गं,” त्या म्हणाल्या, “त्याने तुला विचारलं ना? की राहा म्हणून नुसतं सांगितलं?”

मी हृषिकेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

“विचारलं,” मी म्हटलं. “मी हो म्हटलं.”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पुढचं बोलणं अगदी रोजच्यासारखं, जरा घाईघाईनेच आलं.

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “जेवले का तुम्ही दोघं?”